आधी अंगठी काढा

पहाटे पावणेसहा

शनिवारी गजर लावावा लागत नाही. घोडेगावहून शिंगणापूरकडे वळणाऱ्या गाड्यांचे हॉर्न चारपासूनच सुरू होतात. गाळपाचा हंगाम असला की त्यात सोनईच्या मुळा कारखान्याकडे निघालेले उसाचे ट्रॅक्टर मिसळतात, आणि प्रत्येक ट्रॅक्टरचं गाणं वेगळं. आमचा दवाखाना याच रस्त्याला, शिंगणापूरच्या शिवेच्या अलीकडे. त्याचा एक फायदा असा, की दाराला कुलूप लावलं तर कुणी नावं ठेवत नाही. शनीच्या भरवशावर दारांना कुलूप न लावणाऱ्या त्या गावात युको बँकेनं २०११ साली बिनकुलपाची शाखा उघडली हे खरं. पण भुलीची काही औषधं कायद्यानंच कुलपात ठेवावी लागतात, आणि कायद्याला साडेसाती लागू नाही.

पहिली फेरी पुरुषांच्या वॉर्डात. कोपऱ्यातल्या खाटेवर घोडेगावच्या कांदा मार्केटातले एक हमाल आहेत. उजवा हात सलाईनच्या स्टँडला टांगलेला, कोपर गादीवर, बोटं छताकडे. अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात गोणीची सुतळी काचली होती, त्याचं गळू झालं. गळू तळव्यात उतरायच्या आत उघडलं, म्हणून आज ते चहा मागताहेत. उपाशीपोटीची साखर १६८. दाखल झाले तेव्हा यंत्र नुसतं ‘हाय’ दाखवत होतं.

“गोळ्याच द्या की परत, सुई कशाला?” हा प्रश्न रोजचा. जंतुसंसर्गात साखर चढते, चढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी सुस्तावतात, त्या सुस्तावल्या की संसर्ग आणखी पसरतो आणि साखर आणखी चढते. हे चक्र गोळ्यांनी लवकर तुटत नाही, इन्शुलिननं तुटतं. एकदा सुई लागली म्हणजे जन्माची लागली, असं त्यांना त्यांच्या मेहुण्यानं सांगितलंय. मेहुणा बहुधा शहाणा माणूस आहे, पण या बाबतीत नाही. जखम भरली की त्यांच्यासारखे बरेच जण गोळ्यांवर परत जातात.

“मूठ करा.” करतात, अर्धी. “अजून.” दर तासाला दहा वेळा मूठ करायची, हे त्यांच्या बायकोला सांगते. त्यांना सांगून उपयोग नाही.

सकाळी नऊ

ओपीडीत शनिवारची गर्दी दोन प्रकारची. आसपासच्या गावांतली नेहमीची माणसं, आणि दर्शनाला आलेले परगावचे लोक: चक्कर आली, पोट बिघडलं, तापलेल्या फरशीवर अनवाणी चालून पायाला फोड आले. मधुमेही भाविकांचा एक मोठा वर्ग तर रसवंतीवर तयार होतो. रस्त्याच्या दुतर्फा बैलांनी फिरवायचे लाकडी घाणे आहेत, ते पाहून शहरातला माणूस मुलांना फोटो काढायला उतरवतो आणि स्वतः दोन ग्लास पिऊन येतो. मग इथे येऊन म्हणतो, “नैसर्गिक साखर आहे ना, मॅडम?”

आजचे पहिले गृहस्थ पुण्याचे, पन्नाशीचे. कुंपणाच्या तारेनं मधलं बोट परवा खरचटलं. आता बोट लाल, गरम, आणि त्या बोटात घोड्याच्या नालेची अंगठी. शिंगणापूरच्या दुकानातून मागच्या वर्षी घेतलेली. अंगठीच्या दोन्ही बाजूंनी कातडी वर आलेली.

“ही आधी काढू.”

“नाही हो, साडेसाती चालू आहे. ज्योतिषांनी सांगितलंय काढायची नाही.”

इथे वाद घालण्यात अर्थ नसतो. सूज वाढत जाते, अंगठी वाढत नाही. आधी शिरांतून परत जाणारं रक्त अडतं, त्यानं सूज आणखी वाढते, शेवटी बोटाकडे येणारं रक्तही अडतं. मग जिवंत बोट काळं पडायला कुठल्या भयंकर जंतूची गरज लागत नाही. मनगटातला काळा दोरा, तांब्याचं कडं, रबरी बँड, सगळ्यांचं हेच. म्हणून हाताला काही लागलं आणि हात सुजायला लागला, तर दवाखान्यात निघायच्या आधी घरीच हे सगळं उतरवा, असं मी प्रत्येकाला सांगते. तेव्हा साबणाच्या पाण्यानं निघतं. दुसऱ्या दिवशी पकडीनं काढावं लागतं.

नालेच्या या अंगठ्या बऱ्याचदा एका बाजूला उघड्या असतात, तेवढं बरं. दोन पकडींनी टोकं फाकवली आणि निघाली. “गळ्यात दोऱ्यात ओवून घाला,” म्हटलं. “ज्योतिषांना विचारा, चालेल म्हणतील.” ते हसले. साडेसातीचा हिशोब साडेसात वर्षांचा. मी त्यांना एचबीएवनसी करायला सांगितली, तिचा हिशोब मागच्या तीन महिन्यांचा, आणि तिच्यात दान देऊन सूट मिळत नाही.

निघताना त्यांनी हात जोडले, आणि मी त्यांना तसेच थांबवलं. तळवे एकमेकांना टेकले होते, बोटं टेकली नव्हती. दुखऱ्या बोटाचं सोडा, करंगळ्यांच्या मध्येसुद्धा फट. बरीच वर्षं मधुमेह असलेल्यांची बोटांच्या सांध्यांभोवतीची कातडी जाड आणि ताठर होते, बोटं पुरती सरळ होत नाहीत. १९७४ साली रोझेनब्लूम आणि फ्रायस या डॉक्टरांनी फ्लोरिडात मधुमेही मुलांमध्ये या ताठरपणाची नोंद केली. इंग्रजी पुस्तकांत तपासणीच्या या खुणेला प्रार्थनेचं नाव आहे. इथे माझं काम फुकटात होतं: अर्धा जिल्हा शनिवारी माझ्यासमोर हात जोडतो. फट दिसली की डोळ्यांची, लघवीची, पायांची तपासणी कधी केली ते विचारायचं.

साडेदहा

एक मावशी सुनेला घेऊन आल्या. शिंगणापूरच्या रस्त्याला पूजेच्या सामानाच्या दुकानांना रुईच्या पानांचे हार करून देतात. शुक्रवारी रात्री बसतात ते पहाटेपर्यंत. उजव्या हाताची तर्जनी त्यांनी डाव्या हाताच्या तळव्यात अशी धरली होती, की केस कुठली आहे ते दारातच कळावं.

“मंगळवारी सुई गेली. थेंबभर रगत आलं, पुसलं. बुधवारी हळद लावली, मग कांदा भाजून बांधला. काल देवाचं तेल चोळलं.”

“रात्री झोप?”

“डोळ्याला डोळा नाही. ठणकतंय नुसतं.”

हे उत्तर मी रक्ताच्या रिपोर्टपेक्षा जास्त मानते. ठणक्यानं रात्रीची झोप घालवली, तर आत पू झालाय असं धरून चालायचं. वर फोड दिसो न दिसो.

शिकागोचे शल्यविशारद ॲलन कॅनाव्हेल यांनी हाताच्या संसर्गावर १९१२ साली पुस्तक लिहिलं. मृतदेहांच्या हातांत द्रव भरून तो कुठून कुठे पसरतो ते त्यांनी पाहिलं होतं. शंभर वर्षं उलटली, सीटी-एमआरआय आले. तरी बोटाच्या स्नायुरज्जूच्या आवरणात पू झालाय का हे ठरवायला आजही त्यांच्या नावाच्या चार खुणाच बघतात. बोट अर्धवट वाकलेलं राहतं. सूज एका जागी नसते, आख्खं बोट सारखं फुगतं. तळव्याच्या बाजूनं बोटाच्या मुळापर्यंत दाबत गेलं की सगळीकडे दुखतं. आणि बोट हलकेच सरळ करायला गेलं की माणूस खुर्चीतून उठतो. मावशींना चारही होत्या. शेवटची बघताना त्यांनी मला जी शिवी दिली, ती नेवाशाच्या बाहेर क्वचित ऐकायला मिळते.

बोट वाकवणारी दोरी एका बंद नळीतून सरकते. ठिबकच्या नळीत गाळ बसला की पुढचं सगळं पीक वाळतं, तसं या नळीत पू भरला की दोरीचं रक्त तुटतं आणि ती मरते. मग बोट राहिलं तरी कायमचं काठीसारखं. याला आठवडा लागत नाही, एकदोन दिवस पुरतात. अंगठ्याच्या आणि करंगळीच्या नळ्या तर बऱ्याच लोकांत थेट मनगटापर्यंत जातात आणि तिथे एकमेकींना मिळतात, त्यामुळे अंगठ्याला टोचलेला काटा करंगळी सुजवू शकतो. मावशींची तर्जनी होती, हे नशीब.

सूज मात्र हाताच्या पाठीवर जास्त होती. सून म्हणाली, “वरच्या बाजूला चिरा द्यावा लागेल का?” तिचा तर्क सरळ होता, पण हातात तसं नसतं. तळव्याची कातडी घट्ट बांधलेली, पाठीची सैल; रोग तळव्यात असतो आणि पाणी पाठीवर साचतं. पाठीवर चिरा देऊन पू न मिळालेले हात मी पाहिले आहेत.

साखर ३८६. गोळी घेतली का?

“आज शनिवार. उपास.”

उपासाला गोळी चालत नाही, चहा चालतो, दोन चमचे साखरेचा. एरवी साबुदाण्याची खिचडीही चालते. शनिवार धरणारे, सोमवार धरणारे, एकादशी धरणारे, असे मिळून आठवड्याला दोन दिवस औषधाविना जाणारे माझ्याकडे कितीतरी. मी उपास सोडा म्हणत नाही. उपासाच्या दिवशीचा गोळ्यांचा हिशोब वेगळा लिहून देते. तो कागद देवघरात ठेवतात.

मग बांगड्या. हिरव्या काचेच्या, मनगटात रुतलेल्या. साबण लावून पाहिला, निघेनात. सिस्टरनं कातर उचलली तशा मावशींनी हात मागे ओढला. “वाढवायच्याच तर माझ्या सुनेच्या हातानं वाढवू द्या.” सुनेनं गॉझ गुंडाळला, एकेक करून वाढवल्या, काचा कागदात बांधून पिशवीत ठेवल्या. आणि स्वतःच्या हातातल्या दोन काढून सासूच्या डाव्या हातात सरकवल्या. यात दहा मिनिटं गेली. मला घाई होती, पण ही दहा मिनिटं वाचवायची नसतात. असा हात घाईनं ओढला तर बाई उद्या ड्रेसिंगला येत नाही.

साडेबारा

नवरा भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे शनिवारी दुपारी भूलतज्ज्ञ शोधत नगरला फोन करावे लागत नाहीत. लघवीत कीटोन नाहीत, इन्शुलिन चालू, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. गळ्याच्या हाडाच्या वर सुई देऊन फक्त हात बधिर केला. मावशी जाग्या, पडद्याच्या पलीकडे सिस्टरशी रुईच्या पानांच्या भावावर बोलताहेत.

दंडाला पट्टा बांधताना एरवी हात पिळून रक्त वर ढकलतात. संसर्गात तसं करत नाहीत, पू वर ढकलला जाईल. हात नुसता उंच धरून थांबायचं. एक छोटा चिरा तळव्यात, बोटाच्या मुळाशी. दुसरा शेवटच्या पेऱ्याजवळ. आवरण उघडलं तसा पातळ, पांढुरका पू आला. त्याचा नमुना नगरच्या लॅबसाठी बाटलीत. दोरी अजून चमकत होती. मळकट, निस्तेज दिसली असती तर पुढचं सगळं बोलणं बदललं असतं. तान्ह्या बाळांना दूध द्यायची बारीक नळी वरच्या चिऱ्यातून सरकवली आणि खालच्या चिऱ्यातून येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत धुतलं. टाके घातले नाहीत. जखम उघडी ठेवलेली पाहून नातेवाईक घाबरतात, त्यांना आधीच सांगून ठेवावं लागतं.

मग फळी: मनगट थोडं मागे, बोटं मुळाशी वाकलेली, पुढे सरळ. हात ताठरला तरी पुन्हा सोडवता येईल, अशी ही ठेवण. परवापासून फळी काढून बोट हलवायला लावणार. मधुमेह्याचं बोट आठवडाभर पडून राहिलं, तर ऑपरेशन उत्तम होऊनही हार करणारी बाई सुई धरू शकत नाही.

तीन

जेवण. मग ड्रेसिंगची रांग.

एका ड्रेसिंगबद्दल थोडं चिडून लिहिते. चाळिशीचा दुकानदार, दंडावर कोपराच्या आतून वर गेलेली लाल रेघ, काखेत अवधाण. अशक्तपणा वाटला म्हणून कुठूनतरी सलाईन लावून घेतलं होतं, आणि सुई ‘उद्याही लागेल’ म्हणून तीन दिवस तशीच ठेवली. हंगामात आमच्याकडे लोक सलाईन मागून घेतात, न दिलं तर दुसरीकडे जातात, आणि दुसरीकडे देणारा असतोच. ५०० मिलीच्या पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. म्हणजे मधुमेह्यानं हात पुढे करून, पैसे देऊन, शिरेतून साखर घ्यायची आणि वर जंतूंना दारही उघडून द्यायचं. त्यांची शीर दोरीसारखी कडक झाली होती. पू नव्हता, औषधांवर उतरेल.

साडेचार

दुपारच्या मोकळ्या वेळात एका आरोग्य शिबिरासाठी दोन पानी मजकूर लिहायला बसले. आयसीएमआरच्या २०२३ साली छापलेल्या अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत, प्रौढांमध्ये ११.४ टक्के. मधुमेह्यानं पाय जपावा हे आता आमच्या आशाताईंनाही पाठ आहे: आरसा घेऊन तळवा बघा, अनवाणी फिरू नका. (शिंगणापुरात हे सांगताना माझा आवाज जरा खाली येतो.) हाताबद्दल कुठल्याच भित्तिपत्रकावर ओळ नाही. याला कारण आहे. थंड प्रदेशातल्या श्रीमंत देशांत मधुमेह्याचा हात फारसा सडत नाही, आणि आपली पुस्तकं तिकडून येतात. १९८० च्या दशकात नायजेरियातून आणि पुढे टांझानियातून अशा हातांची वर्णनं आली. दार-ए-सलामचे डॉ. झुल्फिकारअली अब्बास यांनी तिथले रुग्ण वर्षानुवर्षं नोंदवले, आणि २००२ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात त्या रुग्णांवर लेख आला. गोष्ट तीच: किरकोळ जखम, किडा चावलेला, ओरखडा, गरिबी, दूरचा दवाखाना, उशीर, आणि शेवटी बोट, हात, कधी जीव. भारतातूनही असे रुग्ण नोंदले गेले आहेत. ‘उष्णकटिबंधीय’ असं विशेषण त्या आजाराला चिकटलं. माझ्या मते उष्णतेचा त्यात हात कमी, उशिराचा जास्त.

हात दुखायला लागला की माणूस लवकर येईल, असं वाटतं. येत नाही. पायाला जखम झाली की चालता येत नाही म्हणून काम थांबतं. एक बोट दुखलं तर उरलेल्या नवांनी काम चालतं.

पावणेआठ

दोन माणसांच्या मध्ये बसवून त्याला मोटरसायकलवर आणलं. ऊसतोड कामगार, पाथर्डीकडचा, पंचेचाळीसच्या आसपास. डाव्या हाताला पाचटानं चिरलं होतं, चार दिवसांपूर्वी. साखर आहे हे एका शिबिरात कळलं होतं. मिळालेली गोळ्यांची पाकिटं संपली तशी गोळी संपली.

“आता बरं वाटतंय,” तो म्हणाला. “सकाळपासून दुखायचं थांबलंय.”

कातडी मनगटापासून कोपराच्या वर जांभळी, मध्ये काळपट, पाण्यानं भरलेले फोड, त्यातलं पाणी लालसर. मनगटात काळा दोरा. बोट फिरवलं की कातडीखाली करकर. काल वरून दिसत होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त दुखत होतं, आणि आज दुखायचं थांबलं होतं, कारण तिथल्या नसा मेल्या होत्या. नाडी १२८, रक्तदाब ९०. बोलणं किंचित अडखळतं.

कातडीखालचं आवरण सडत जाणारा हा आजार तासागणिक सरकतो. रक्ताच्या सहा तपासण्यांवरून त्याचा अंदाज बांधायची पद्धत सिंगापूरच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये मांडली. अंदाज येतो, चुकतोही, आणि असा हात समोर असताना लॅबची वाट बघायची नसते. मेलेलं सगळं कापून काढणं हाच उपचार, तोही एकदा नाही, दोनदा-तीनदा, आणि मधल्या रात्री आयसीयूत. ते आमच्याकडे नाही. दोरा कापला. दोन्हीकडून सलाईन, हे खरं लागणारं सलाईन. प्रतिजैविकांचे पहिले डोस, इन्शुलिन. जांभळ्या भागाच्या कडेनं पेननं रेघ ओढली आणि शेजारी वेळ लिहिली: ८.०५. नगर पस्तीस किलोमीटर. १०८ ला फोन लावला, नवऱ्यानं एकीकडे आयसीयूत खाट रिकामी असलेलं, योजनेत बसणारं रुग्णालय शोधलं.

महात्मा फुले योजनेत आता कुटुंबाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. पण रेशनकार्ड गावाकडे, मुक्कामाच्या कोपीत नाही. गावाकडे म्हातारी आई, तिच्याकडे साधा फोन. शेजारच्या पोराला तिच्या घरी पाठवून कार्डाचा फोटो मागवला. तो आला ८.३५ ला, अंधारात काढलेला, नंबर वाचता येईना. पुन्हा मागवला. तेवढ्यात रेघेच्या पलीकडे बोटभर जांभळं झालं होतं.

बायको दारात उभी. तिनं एकच विचारलं, “हात ऱ्हाईल का?” मी म्हटलं, आधी जीव बघू. उपचार मिळूनही या आजारात पाचातला एखादा, कधी जास्त, हातचा जातो. हे आकडे दारात उभ्या बाईला सांगायचे नसतात, पण खोटंही सांगायचं नसतं.

पावणेनऊला गाडी निघाली.

साडेनऊ

मावशींची साखर २१०. ठणका थांबला, झोपल्या आहेत. सून बाकावर बसून राहिलेले हार पुरे करतेय, पानं पिशवीतून बरोबरच आणली होती.

नगरहून फोन: घेतलं थिएटरमध्ये.

त्यानंतर त्याच्या टोळीच्या मुकादमाचा. आवाज नम्र. “मॅडम, माणूस कधी कामावर येईल?”

“जगला तर तीन महिने तरी नाही. डाव्या हातानं मोळी उचलणं कदाचित कधीच नाही.”

पलीकडे थोडा वेळ ट्रॅक्टरचा आवाज. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल त्या जोडीवर दिलेली. “मग कोयता मोडला म्हणायचा. फडात बाई एकटी काय करणार? उचल फिटायचीय अजून, मॅडम.”

मी त्याला उचलीचं विचारलं नव्हतं. टोळीत आणखी किती जणांना साखर आहे ते विचारलं. त्याला माहीत नव्हतं. सोमवारी सकाळी सहाच्या आत, टोळी फडात जायच्या आधी, कोपीवर यंत्र आणि पट्ट्या घेऊन येते म्हटलं. “या की,” तो म्हणाला, “पण अर्ध्या तासात उरका.”